पाया पडतो, पाय बघतो का?



२०२४ च्या संक्रांतीची गोष्ट आहे. सकाळची घाई, सुगडी मांडायची, तिळाचा पाक चुलीवर, आणि शाळेला सुट्टी म्हणून मुले पायात घोटाळत होती. त्या गडबडीत मी सासूबाईंच्या पाया पडले. आमच्या वऱ्हाडात सासूला आत्याबाई म्हणतात, मीही तेच म्हणते. दोन्ही हातांनी पावलांना शिवले, हात कपाळाला लावला नि उठले. उजव्या पायाच्या जोडव्यापाशी बोटांना काहीतरी ओलसर लागले. नुकत्याच न्हाऊन आल्यात, पाणी असेल, असे मनाशी म्हणून मी पदराला हात पुसला आणि पाकाकडे धावले.

आठ दिवसांनी चादर धुवायला काढली तेव्हा पायथ्याशी पिवळट तांबूस डाग दिसले. मग कळले की संक्रांतीला हाताला लागले ते पाणी जखमेचे होते.

मागच्या अंकात मी हिवाळ्यातल्या लाडवांविषयी लिहिले होते. यावेळी विषय जरा न रुचणारा आहे. म्हाताऱ्या माणसांचे पाय आणि पायांची नखे. नाक मुरडू नका. हा विषय कुणी काढत नाही, म्हणूनच आमच्या घरी जे झाले ते झाले.

त्या दिवशी आत्याबाईंना अंगणात उजेडाला बसवले आणि त्यांचे पाऊल मांडीवर घेतले. लग्नाला बारा वर्षे झाली होती, पण सासूचे पाऊल मी नीट पाहिले ते त्या दिवशी पहिल्यांदा. अंगठ्याचे नख बकरीच्या शिंगासारखे जाड, पिवळे, वाकडे होऊन शेजारच्या बोटात घुसत होते. त्या बोटात जोडवे. बोट सुजून जोडवे आत रुतलेले, आणि दोन बोटांच्या बेचक्यात, नख आणि चांदी यांच्या मधे, चांगली खोल जखम. मी घाबरून विचारले, "आत्याबाई, दुखत नाही का हो हे?"

"दुखलं असतं त सांगतलं नसतं का मी?"

त्या खोटे बोलत नव्हत्या. त्यांना खरोखरच दुखत नव्हते. त्यांना तेव्हा नऊ वर्षांपासून शुगर होती. गोळ्या घेत, पण पथ्य आपले सणासुदीपुरते बाजूला ठेवीत. साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की शरीरातले लांबचे मज्जातंतू आधी निकामी होतात, आणि सगळ्यांत लांबचे म्हणजे पायाच्या बोटांचे. बोटांतून सुरू झालेली बधिरता मोजा घातल्यासारखी हळूहळू वर चढते. आधी मुंग्या येतात, रात्री तळपाय जळजळतात, आणि मग एक दिवस ते सारे थांबते. म्हातारे माणूस म्हणते, "आता बरं वाटते." घरच्यांनाही वाटते, बरे झाले. ते बरे झालेले नसते. हाक मारणारा गेला म्हणून घर शांत झालेले असते.

दुखणे कळणे हे वरदान आहे, हे कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्यांनी पुष्कळ आधी ओळखले. आनंदवन, तपोवन ही नावे आपण विदर्भातल्या बायका लहानपणापासून ऐकतो. पण कुष्ठरोगात बोटे का जातात, हे मला या जखमेच्या निमित्ताने वाचताना कळले. वेल्लोरला १९४६ पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की ती बोटे रोगाने आपोआप गळून पडत नाहीत. दुखणे कळत नाही म्हणून माणूस भाजून घेतो, चपलेत घासून घेतो, जखमेवरच चालत राहतो, आणि मग बोट जाते. म्हणून आपले पाय रोज आपण पाहायचे, हा कुष्ठसेवेतला पहिला धडा. पायांना जपणाऱ्या मऊ रबराच्या, एमसीआर म्हणतात त्या चपला त्याच कामातून पुढे आल्या. आज डॉक्टर त्याच शुगरवाल्यांना लिहून देतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात देशात मधुमेही माणसे १० कोटींहून अधिक सांगितली आहेत. तेव्हा तुमच्या आमच्या घरात एखादे पाऊल बधिर असणे काही नवलाचे नाही.

आता जोडव्याचे सांगते, कारण पुरुषांना हे सुचायचे नाही आणि डॉक्टरही विचारतीलच असे नाही.

डॉक्टरांनी पहिल्या भेटीतच सांगितले, जोडवे काढा. आत्याबाई खुर्चीवरून उठल्याच! मामाजी जिवंत असताना पायातले जोडवे काढायचे, हे त्यांच्या कानांना सोसवेना. घरी आल्यावरही तेच. साबण लावून पाहिला, दोरा गुंडाळून पाहिला, पण सूज इतकी की जोडवे हलेना. सोनाराकडे जाऊन कापून घेऊ म्हटले तर त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी मामाजी, जे बायकांच्या गोष्टीत कधी बोलत नाहीत, ते त्यांच्या खाटेपाशी आले आणि म्हणाले, "माहं काई होत नाई त्यानं. बोट गेल्यावर कशात घालशीन? चाल, मी येतो संगं." सोनाराने बारीक कात्रीने जोडवे कापले. मामाजी बाजूच्या पाटावर बसून होते.

ते दोन दिवस, त्याआधीचे आठ, आणि त्याआधीचे कोण जाणे किती, एवढ्यात पू हाडापर्यंत पोचला होता. अकोल्याला नेले. त्या बोटाचे वरचे पेर काढावे लागले. जखम भरायला साडेतीन महिने लागले, आणि त्या वर्षी त्यांची शेगावची पायी वारी चुकली. आणखी एक गोष्ट मागाहून कळली. बोटाला काहीतरी झाले आहे हे त्यांना संक्रांतीच्या आधीच दिसले होते, आणि त्यांनी गुपचूप बिब्बा गरम करून लावला होता! पायात काटा मोडला, भेग पडली की बिब्बा, ही आपल्याकडची जुनी रीत. धडधाकट माणसाचीही कातडी बिब्ब्याने भाजते, फोड येतात. पण त्याला निदान चटका कळतो, तो हात मागे घेतो. बधिर पायाला कोण सांगणार?

म्हणून जोडव्यांबाबत माझे म्हणणे असे. काढू नका असे सांगणाऱ्या सासवा आहेत आणि काढा म्हणणारे डॉक्टर आहेत, पण दोघांच्या मधला रस्ता आहे. साठीनंतर जोडवी जाड, बंद वेढ्याची नकोत. तोंड उघडे असलेली, सैल करता येणारी घ्यावीत. आंघोळीच्या वेळी ती काढून खालची कातडी धुवावी, कोरडी करावी, पाहावी. रात्री निजताना जोडवी देवघरात वाटीत ठेवली तर सौभाग्याला काही होत नाही, हे आता मामाजींचेच मत म्हणून मी सांगते. बोट सुजू लागले आहे असे दिसताच, रुतायची वाट न पाहता, ती उतरवावीत.

नखांकडे येऊ. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, पायाचे त्याच्या निम्म्याने. अंगठ्याचे नख मुळापासून टोकापर्यंत नवे यायला वर्ष ते दीड वर्ष जाते. वय वाढले की ही चाल आणखी मंदावते आणि नख जाड होत जाते. जन्मभर अनवाणी चालणे, चपलेचा दाब, कधी दगडाला लागलेली ठेच, बुरशी, पायाकडे कमी झालेला रक्तप्रवाह, या सगळ्याचा हिशेब ते नख मांडत असते. आणि नेमके याच वयात माणसाला वाकवत नाही, डोळ्यांना दिसत नाही, बोटांत नेलकटर दाबण्याची ताकद राहत नाही. मग ती नखे कोण कापणार? पूर्वी पुरुषांची नखे न्हावी नराणीने काढून देई. बायकांची काढायला कुणी नव्हते, आजही नाही. इंग्लंड-अमेरिकेत पायांसाठी वेगळे शिकलेले लोक असतात, त्यांना पोडायट्रिस्ट म्हणतात. आपल्या गावात ते काम सुनेचे, लेकीचे, किंवा नातवाचे.

आमच्याकडे एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी, दुपारची जेवणे आटोपली की हे काम निघते. रात्री नखे कापू नयेत, शनिवारी कापू नयेत, असे आत्याबाईंचे नियम आहेत. मी वाद घालत नाही. दिवसाच्या उजेडात कापावे हे तर मलाही पटते. परातीत कोमट पाणी घेते. पाणी किती गरम आहे ते म्हाताऱ्या माणसाच्या पायाने ठरवायचे नाही. आपले कोपर बुडवून पाहायचे. शुगर असलेल्यांचे पाय पाण्यात भिजत ठेवू नयेत, साबणाने धुऊन लगेच बाहेर घ्यावेत. शुगर नाही आणि पायाला स्पर्श नीट कळतो, त्यांनी दहा मिनिटे ठेवले तरी चालेल. नख मऊ पडते. खूपच जाड असेल तर आदल्या रात्री त्या नखाला खोबरेल चोळून ठेवावे.

मग पंच्याने पाय टिपायचे, आणि प्रत्येक दोन बोटांच्या मधे पंच्याचे टोक घालून टिपायचे. आपण इथेच आळस करतो, आणि पावसाळ्यात चिखल्या होतात त्या इथेच. आमच्या खारपाणपट्ट्यात तर पाणी असे की साबणाला धड फेस येत नाही आणि कातडी ओढल्यासारखी होते. त्यामुळे नंतर तेल लागतेच. तेल तळव्याला, टाचेला, पावलाच्या वरच्या अंगाला लावावे. बोटांच्या बेचक्यात लावू नये. तिथे ओल राहून कातडी पांढरी पडते आणि फाटते.

नख कापताना एका झटक्यात टोक उडवायचे नाही. मोठे, मजबूत नेलकटर घ्यावे आणि कडेपासून थोडे थोडे, सरळ रेषेत कापत यावे. हाताच्या नखासारखी गोलाई द्यायची नाही. कोपऱ्यात खोल शिरून कापले की उरलेली कूस मांसात वाढते आणि नख रुतते. नखुरडे होते ते बहुतेक वेळा अशाच कापण्यामुळे. टोकेरी कोपरा राहिला तर कानशीने घासावा. नख बोटाच्या टोकाबरोबर ठेवावे, त्याहून आत नेऊ नये. दाढीचे ब्लेड, विळी, चाकू यांना या कामात जागा नाही. कुणी हसू नका, मी विळीने नख काढणारी बाई पाहिलेली आहे. नेलकटर एकेकाचे वेगळे असावे आणि वापरल्यावर साबणाने धुऊन स्पिरिटने पुसावे, कारण बुरशी एका नखावरून दुसऱ्यावर सहज जाते. नख पिवळे, ठिसूळ, खालून भुसा निघाल्यासारखे असेल तर ती बहुधा बुरशीच. तिला लिंबू-हळद पुरत नाही. डॉक्टर कधी लावायचे औषध देतात, कधी महिनोन् महिने गोळ्या, आणि गोळ्यांपूर्वी रक्त तपासायला सांगतात. नवे नख यायलाच वर्ष लागते, मग महिन्याभरात "गुण आला नाही" म्हणून औषध सोडणाऱ्यांना काय म्हणावे!

पाय धुऊन झाले की माझा सहावीतला मुलगा येतो. त्याच्याकडे एक परीक्षा सोपवली आहे. आजीने डोळे मिटायचे. त्याने आपल्या तर्जनीचे टोक आजीच्या पायाच्या बोटाच्या टोकाला अगदी हलके, एकदोन क्षण टेकवायचे. दाबायचे नाही, घासायचे नाही, एका बोटाला दोनदा लावायचे नाही. दोन्ही पायांचे अंगठे, करंगळ्या आणि मधली बोटे, अशी सहा ठिकाणे. स्पर्श कळला की आजीने उजवा की डावा ते सांगायचे. सहांपैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळले नाही तर पाय बधिर होतोय असे समजून डॉक्टरांकडे जायचे. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी काढलेली ही युक्ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. पहिल्या वेळी आत्याबाईंच्या उजव्या पायाला एकही स्पर्श कळला नाही. मुलगा म्हणाला, "आजी, तू झोपलीस का?" आम्ही दोघीही काही बोललो नाही.

तळव्यांना मधे मधे कुरूप असते. बायका म्हणतात कुरूप मुळासकट काढले पाहिजे. त्याला मूळबीळ काही नसते. सतत दाब पडतो तिथे कातडी जाड होते, एवढेच. दाब देणारी चपल बदलली नाही तर कितीही काढा, ते परत येणार. दुकानात मिळणाऱ्या कुरुपाच्या पट्ट्यांत कातडी जाळणारे औषध असते. शुगरवाल्यांनी ती डॉक्टरांना न विचारता लावू नये.

चपल संध्याकाळी घ्यावी, तोवर पाय जरा सुजून खरा आकार धरतात. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने रेघ काढावी, आणि नवी चपल त्या कागदावर ठेवून पाहावी. रेघ बाहेर दिसली तर ती चपल लहान. घालण्यापूर्वी रोज चपलेत हात फिरवावा आणि तळ उलटा करून पाहावा. बाभळीचा काटा रबरी स्लिपरमधून आरपार येतो, हे आपल्याकडच्या शेतात जाणाऱ्या बायकांना मी काय सांगणार? अंगणातही अनवाणी नको. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ वर जातो, आणि देवळाच्या फरशीवर प्रदक्षिणा घालून आल्यावर तळव्याला फोड आलेले घरी कळतात. हिवाळ्यात उलटे, शेकोटीला पाय फार जवळ जातात. गरम पाण्याची पिशवी बधिर पायाला लावूच नये.

कोणत्या गोष्टीसाठी वाट पाहायची नाही तेही सांगते. पायाला न भरणारी जखम, मग ती दुखो वा न दुखो. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम आणि सुजलेले. बोट काळपट किंवा निळसर होणे. न लागता नखाखाली आलेला काळा पट्टा. चालताना पोटरी दुखून थांबल्यावर बरी होते आणि पाय थंडगार पडतात, त्यात रक्तवाहिन्यांची अडचण असू शकते. अशा माणसाची विडी-तंबाखू आधी सोडवली पाहिजे.

२०२४ च्या डिसेंबरअखेरीस आपल्या शेजारच्या शेगाव तालुक्यात काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याच भागात नखे ठिसूळ होऊन गळायला लागली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दिल्लीहून पथके आली. विंचूदंशावरच्या कामाबद्दल ज्यांना आपण ओळखतो त्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवले. त्या दिवसांत आमच्याकडे जो तो हात पुढे करून नखे बघत होता, शाळेतल्या शिक्षिकासुद्धा मधल्या सुट्टीत एकमेकींना नखे दाखवीत. पायातली चपल काढून खालची दहा नखे पाहिलेली मात्र मला कुणी आठवत नाही.

आत्याबाई आता चालतात. वारीला गाडीने जाऊन शेवटचा टप्पा तेवढा मऊ चपला घालून पायी करतात. डाव्या पायात जोडवे आहे, उजव्यातले कापलेले देवघरातल्या डबीत आहे. कापलेली नखे त्या मला केरात टाकू देत नाहीत. कागदात गोळा करून स्वतः परसात निंबाच्या मुळाशी पुरतात. पाऊल माझ्या मांडीवर द्यायला त्या अजून संकोचतात. आधी म्हणतील, "राहू दे वं, माह्या पायाले हात नोको लावू, मले कसंतरी वाटते." मग मी म्हणते, सणाला लावते तो चालतो ना?

मागच्या रविवारी नखे कापून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता तुहा पाय दाव." माझ्या टाचेला वर्गात उभे राहून राहून भेग पडली आहे. ती त्यांनी चष्मा लावून पाहिली आणि उठून मलम करायला घेतले. तुम्हीही करून ठेवा. तिळाचे तेल ४ चमचे, मधमाश्यांचे मेण १ चमचा. वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून मेण विरघळू द्यावे, थेट विस्तवावर ठेवू नये. खाली उतरवून गार होईपर्यंत ढवळावे, म्हणजे रवा होत नाही. रात्री पाय धुऊन, कोरडे करून टाचांना चोळावे आणि जुने सुती मोजे घालावेत. भेगेतून रक्त येत असेल तर मात्र मलम नको, आधी दवाखाना.